चार नंबरच्या पंखावर फुली नव्हती

ही गोष्ट खरी आहे. शपथा घ्यायची मला सवय नाही आणि लोकांना पटवत बसायचाही आता कंटाळा आलाय. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं.

आणखी एक. हे रात्री घडलेलं नाही. भुतं रात्रीचीच निघतात असं ज्याला वाटतं, त्याने सकाळी दहा वाजता रिकाम्या कारखान्यात एकट्याने उभं राहून दाखवावं.

समता माझी मामेबहीण. नेदरलँड्सला आल्मेरेत राहते, रोज रेल्वेने पाऊण तास प्रवास करून एका जुन्या कारखान्यात जाते. कारखाना रेल्वेच्या डब्यांचा. युक्रेनचं युद्ध लांबलं, डब्यांची कामं आटली आणि मालकांनी विमानाचे पंख बनवायला घेतले. तिकडच्या जखमींना आणणाऱ्या छोट्या विमानांचे. कालपर्यंत डबे जोडणारी माणसं आज पंखांच्या पत्र्यांना रिव्हेट, म्हणजे जोडखिळे, मारायला लागली.

समताकडे तपासणी होती. तिच्या सहीशिवाय पंख बाहेर जायचा नाही.

गेल्या डिसेंबरातला एक सोमवार. सकाळचे दहा.

दहाला तिथे कॉफी. आभाळ कोसळलं तरी दहाला कॉफी! सगळी यंत्रं बंद होतात आणि सगळी माणसं वर जातात. समता मात्र खालीच थांबली. पहिल्या पंखाचे कागद राहिले होते.

शेडमध्ये शांतता...

आणि मग...

ठण्.

तिने मान वर केली. कुणी नाही.

ठण्... ठण्...

हातोडीचा आवाज. हलकासा, अगदी सावकाश. एक ठोका, मग कुणीतरी कान लावून ऐकावं तेवढी शांतता, मग पुढचा ठोका.

हा आवाज समता झोपेतही ओळखेल. तिचे बाबा, माझे विश्वासमामा, भुसावळच्या रेल्वे यार्डात गाडीची चाकं तपासायचे. हातोडी मारायची आणि ऐकायचं. "चांगलं चाक गातं, बाळा. तडा गेलेलं चाक कण्हतं." कण्हलं की मामा त्यावर खडूने फुली मारायचे. फुली म्हणजे चाक बाद. समता हे अक्षरांच्या आधी शिकली.

ती पंखापाशी गेली.

तिथे कुणीच नव्हतं.

पण पंखावर फुल्या होत्या. पांढऱ्या खडूच्या, किंचित तिरक्या. नऊ रिव्हेटांवर नऊ.

त्या कारखान्यात खडूच नाही! सगळं टॅबलेटवर चालतं.

तिने नऊच्या नऊ रिव्हेट यंत्राने तपासले. हिरवा दिवा. पुन्हा तपासले. पुन्हा हिरवा. मग जिवाला घोर नको म्हणून अख्खा पंख तपासला. सगळं ठणठणीत.

मंगळवारी दहाला पुन्हा तेच. दुसरा पंख, चौदा फुल्या. सगळं हिरवं.

बुधवारी तिसरा पंख. बावीस फुल्या. तेही हिरवं.

आता तिचं डोकं फिरायला लागलं. भूत आलंय तर आलंय, पण त्याने निदान बरोबर तरी सांगावं! दिवसाला अडीच हजार रिव्हेट तपासून तिची बोटं सुजली होती.

प्रॉडक्शनचा केतन पुण्याचा. तिच्यापेक्षा तोच जास्त वैतागला.

"समता, काय चाललंय यार? नियम दहातला एक चेक करायचा आहे. तू सगळे का करतेयस? दोन दिवस लेट आहोत आपण!"

"फुल्या कोण मारतंय ते सांग आधी."

"कोणीतरी टवाळ असेल गं."

"मग कॅमेरा बघ ना!"

कॅमेरा बघून उपयोग नव्हता. कॉफीच्या वेळात कॅमेरे बंद ठेवायचे, हा कामगार मंडळाचा नियम. माणसाच्या सुट्टीवर पाळत नको म्हणे. समताला हसावं की रडावं कळेना.

"हे बघ," केतन आवाज खाली आणून म्हणाला, "वर तुझ्याबद्दल बोलणं झालंय. तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत रिन्यू व्हायचंय. प्लीज, खडूचा विषय बंद कर."

समताचं तिथे राहण्याचं परमिट या नोकरीवर आहे. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर मुलीला शाळेतून काढून चालू पडायचं. तिने खडूचा विषय पुन्हा काढला नाही.

गुरुवारी चौथा पंख. तीन दिवस तो मागच्या शेडमध्ये नुसता उभा होता.

दहा वाजले. यंत्रं थांबली. समता कान टवकारून उभी.

काहीच नाही...

सव्वादहापर्यंत काहीच नाही. एकही ठोका नाही.

ती पंखाभोवती दोनदा फिरली. एकही फुली नाही. सगळा कोरा.

तिला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बाबांच्या हिशेबाने पंख पास. तिने नियमाप्रमाणे दहातला एक रिव्हेट तपासला. हिरवा. सही केली. संध्याकाळी ट्रक पंख घेऊन गेला.

शुक्रवारी कॉफीला ती पहिल्यांदाच वर गेली. तिथे हार्मेन बसला होता. ऐंशीच्या पुढचा हा निवृत्त कामगार दर शुक्रवारी जुन्या मित्रांना भेटायला येतो. त्याचा बापही याच कारखान्यातला. समताने सहज विचारावं तसं विचारलं, "इथे कधी कोणी खडूने फुल्या मारायचं का?"

हार्मेनने कप खाली ठेवला.

"तुला हे कुणी सांगितलं?"

समताने खुर्ची जवळ ओढली.

"मागच्या युद्धात जर्मन लोकांनी इथे डबे बंद करून विमानाचे पंख करायला लावले होते," तो म्हणाला. "माझा बाप सांगायचा. चाकं तपासणारा एक जण होता, त्याला पंखांवर ठेवलं. हातोडी मारायची आणि ऐकायचं. आवाज चांगला आला की फुली."

"चांगला आला की?" समता म्हणाली. "खराब आला की ना?"

"चांगला आला की! जर्मनांना वाटायचं, तपासणी चाललीय. आमच्या माणसांना मात्र ठाऊक, की फुली म्हणजे हा रिव्हेट अजून धड आहे. मग ते तो हळूच सैल करायचे. काम झालं की फुली पुसायची. पंख कोरा दिसला की समजायचं, आता हा हवेत टिकत नाही."

समता उठून उभी राहिली.

"मग त्याचं काय झालं?"

"एका सकाळी जर्मनांनी नेलं त्याला. याच वेळेला. परत नाही आला."

ती जिना धावत उतरली. केतन खालीच होता.

"चार नंबर परत मागव."

"काय? का?"

का? काय सांगणार होती ती? फुली नव्हती म्हणून?

तरी तिने मेल लिहिली. नियम मोडून, केतनला न विचारता, थेट विमान जोडणाऱ्यांना. 'पंख परत पाठवा, सगळे रिव्हेट तपासायचे आहेत.' सोमवारी दोन ओळींचं उत्तर आलं. तुमचे कागद बरोबर आहेत. आमच्याही तपासणीत पंख पास झाला. विमान रवाना झालं.

तिने पुन्हा लिहिलं. फोन केले. प्रत्येक जण एकच विचारतो, पुरावा काय? पुराव्यावर तिचीच सही आहे.

मीही विचारलं तिला, "अगं, इतक्या वर्षांनी तो कशाला बिघडवेल? ही तर जखमींची विमानं."

"दादा, त्याला कोण सांगणार?" ती म्हणाली. "त्याच्यासाठी युद्ध संपलंच नाही. तीच शेड, तेच पंख."

 

त्या विमानाची बातमी आलेली नाही. चांगली नाही की वाईट नाही. समता रोज शोधते.

काल तिचा फोन आला. तिथे सव्वादहा वाजले होते. नाताळच्या सुट्टीनंतर आलेल्या पाचव्या पंखावर तिने अजून सही केलेली नाही आणि केतनने शुक्रवारची मुदत दिलीय. सही नाही तर नोकरी नाही.

"यंत्र काय म्हणतंय?" मी विचारलं.

"हिरवं. सगळं हिरवं."

"मग?"



"दादा, सोमवारी त्याच्यावर अकरा फुल्या होत्या. काल सात होत्या."

"आणि आज?"

"आज एकच आहे."