लिहायची परवानगी नाही

बारशाचा मुहूर्त अकरा चाळीसचा होता आणि दहा वाजून गेले तरी बाळाची एकुलती एक आत्या आतल्या खोलीत दार लावून यंत्राशी भांडत बसली होती. बाहेर घुगऱ्या शिजत होत्या, पाळण्याला झिरमिळ्या लागत होत्या. केतकीपुढच्या पडद्यावर मात्र अकराव्यांदा तीच ओळ उमटली होती: ‘लिहायची परवानगी नाही.’

परवानगी नाही म्हणे! स्वतःच्या आवाजाला एक नवा शब्द शिकवायचा, तर त्याला आता कोणाची परवानगी काढायची?

सहा वर्षांपूर्वी केतकीच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधीचे दोन महिने ती रोज चार तास बसून शब्द बोलून ठेवत होती. साडेनऊ हजार शब्द झाले. आता तिच्या गळ्याभोवती एक मऊ पट्टा असे. तिने आवाज न काढता नुसती जीभ-ओठ हलवले की पट्टा स्नायूंची थरथर टिपायचा. कमरेची बोलपेटी त्या थरथरीला जुळणारा शब्द शोधायची आणि तिच्याच जुन्या आवाजात बोलून मोकळी व्हायची. हे सगळे शब्द पेटीला जोडलेल्या तळहाताएवढ्या डिस्कवर होते. केतकी त्याला आवाजकोश म्हणायची. नवा शब्द हवा असेल तर तो वीस वेळा ओठांनी म्हणायचा. मग पेटी जुन्या आवाजाचे तुकडे जुळवून तो घडवायची आणि कोशात लिहून ठेवायची.

आणि आज नेमकं तेच होत नव्हतं.

नाव ठरलं होतं चार्वी. ते केतकीनेच सुचवलेलं, आणि बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचाच. ते आधीच शिकवून ठेवता आलं नसतं का? आलं असतं की. पण बारशाआधी नाव तोंडाबाहेर काढायचं नाही, असं आईने बजावून ठेवलं होतं, आणि पेटी तर शिकताना वीसच्या वीस वेळा मोठ्याने बोलते. कराडातल्या तीन खोल्यांच्या घरात ते लपणार कुठे? बारशाच्या गलक्यात ते कोणाला ऐकू जाणार नाही, म्हणून केतकीने हे काम आज सकाळवर ठेवलं होतं.

त्यात चार दिवसांपूर्वी जुनी पेटी बॅटरी फुगून अचानक मेली होती. नवी पेटी आली, डिस्क जोडली, आवाज लागला, सगळं आलबेल. वाचता येतंय म्हणजे लिहिताही येत असणार, असं तिने गृहीत धरलं. बारा वर्षं तंत्रनिकेतनात पोरांना लिनक्स, म्हणजे ही पेटी चालते तीच संगणकप्रणाली, शिकवणाऱ्या बाईने! स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली तिला.

पहिल्या वर्षाची पोरं घाबरली की जे करतात तेच तिने आधी केलं. सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकायची आज्ञा दिली. पेटीने ती झिडकारली. मग तिने तीच आज्ञा पेटीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या नात्याने, पासवर्ड घालून दिली. तीही झिडकारली. शेवटी ती थांबली आणि इतरांना जे ओरडून सांगायची ते तिने केलं. यंत्राने स्वतःबद्दल काय नोंदवलंय ते शांतपणे वाचलं.

दोष परवानगीचा नव्हताच, निदान आधी नव्हता. जुनी पेटी मेली तेव्हा ती डिस्कवर काहीतरी लिहीत होती. कोणता आवाज कोणत्या नावाचा, ही यादी त्यामुळे अर्धवट राहिली होती. बिघडलेल्या यादीवर आणखी कोणी गिरवू नये म्हणून नव्या पेटीने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली होती. एवढ्या सगळ्यात शहाणी ती पेटीच ठरली होती. डिस्क दुरुस्त केली की लिहिता येणार होतं, पण दुरुस्तीआधी प्रत काढायची, हा नियम. प्रयोगशाळेच्या भिंतीवर केतकीच्याच अक्षरात तो लिहिलेला होता: आधी प्रत, मग हात. तिने प्रत काढायला लावली. अंदाजे वेळ, चार तास दहा मिनिटं.

तिने आईला बोलावून मुहूर्त पुढे ढकलता येईल का विचारलं. पुढचा मुहूर्त नऊ दिवसांनी होता आणि बाळाच्या आईच्या, तन्वीच्या माहेरची माणसं संध्याकाळच्या गाडीने लातूरला परतणार होती. आई गेली आणि भाऊ आत आला. हृषीकेशने पडद्यावरचा वेळ वाचला. पेटीत कंपनीचा एक तयार आवाजही होता, कोणताही शब्द घडाघडा बोलणारा. बँकेच्या फोनवरची बाई बोलते ना, तसला.

“ताई, त्याच आवाजात सांग ना,” तो म्हणाला. “बाळाला काय कळतंय?”

“बाळाला नाही कळणार,” केतकी म्हणाली. “मला कळेल.”

तो बाहेर गेला. दहा पन्नास झाले होते. तिने प्रत काढणं थांबवलं.

दुरुस्तीसाठी डिस्क पेटीपासून सोडवायला हवी होती. तिने आज्ञा दिली. उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय ते तिने विचारलं, तर यादीत एकच नाव निघालं, तिच्या बोलण्याच्या प्रणालीचं. म्हणजे मीच मला आडवी येतेय, कर्म माझं! तिने ती प्रणाली बंद केली. आईने दारावर थाप मारून “केतू, झालं का गं?” असं विचारलं तेव्हा उत्तर द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने आतून दारावर दोनदा टकटक केलं.

दुरुस्तीचं साधन प्रत्येक चुकीपाशी थांबून विचारत होतं, दुरुस्त करू? पहिले चार-पाच प्रश्न तिने वाचले. मग घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांनाच एकदम ‘हो’ म्हणून टाकलं. प्रत नव्हती. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही बोट थांबलं नाही. शेवटी ओळ आली: दोनशे चौदा फाइली नावाशिवाय सापडल्या, हरवले-सापडलेच्या कप्प्यात ठेवल्या. तो कप्पा केतकीला उघडून बघायचा होता. पण अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिने डिस्क पुन्हा जोडली, बोलण्याची प्रणाली सुरू केली. आता ती लिहायला उघडी होती. तिने ओठांनी ‘चार्वी’ म्हटलं आणि पडद्यावर काय यावं? लिहायची परवानगी नाही.

आवाज असता तर ती गल्लीला ऐकू जाईल असं किंचाळली असती. तिने फाइलींचे मालक तपासले. लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतं. जुन्या पेटीत केतकी म्हणजे एक हजार चार, आणि नव्या पेटीत ती होती नुसती एक हजार. साडेनऊ हजार शब्द एका गेलेल्या पेटीतल्या आकड्याच्या मालकीचे होते आणि त्यांची खरी मालकीण परकी ठरली होती. तिने दात-ओठ खात एका आज्ञेत सगळी मालकी या नव्या आकड्याच्या नावे केली. यावेळी यंत्राने चकार शब्द काढला नाही.

वीस वेळा तिने नाव म्हटलं. विसाव्या खेपेला पेटी अगदी स्वच्छ बोलली, आणि तो आवाज केतकीचाच होता, पस्तिशीतला, जरासा घोगरा. अकरा चौतीस. ती दार उघडून धावत बाहेर आली.

पाळण्यापाशी ‘कुर्रर्र’ बायकांनीच केलं. केतकी वाकली, पेटी बाळाच्या कानाशी धरली आणि म्हणाली, “चार्वी.” बाळाने डोळे किलकिले केले. पाठीवर दणादण धपाटे बसले, आई पदराने डोळे पुसू लागली. तन्वीने विचारलं, “जमलं ना ताई मनासारखं?”

केतकी ‘हो’ म्हणाली. पेटी गप्पच राहिली.

तिने पुन्हा म्हटलं. काहीच नाही. ओठ नीट हलले होते, पट्टाही जागेवर होता. हे तन्वीच्या लक्षात आलं नाही. तिला केतकीचं हसणं पुरेसं वाटलं. पण हृषीकेश बघत होता. केतकीने त्याला हाक मारली, लहानपणापासून मारायची तीच, ‘हृषी’. खोलीत फक्त बायकांचा गलका होता.

तिला आतल्या खोलीत घेऊन जाऊन त्याने काय झालं ते विचारलं. “प्रत नाही काढली,” ती म्हणाली. हे शब्द मात्र शाबूत होते, मेले! तिने त्याला तो कप्पा दाखवला. दोनशे चौदा फाइली, नावाच्या जागी नुसते आकडे. आवाज आत असेल, पण कोणत्या थरथरीला कोणता आवाज ते पेटी विसरली होती. आणि कोणते शब्द गेले याची यादी कुठेच नव्हती. गेलेला शब्द तोंडात आल्यावरच कळणार होतं की तो गेलाय. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. एका नावासाठी तिने काय काय फुंकून टाकलं होतं?

हृषीकेश रागावला नाही. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, “एकेक ऐकू. ऐकल्यावर ओळखशीलच तू. मग पुन्हा शिकवू तिला.”

तिने पहिली फाइल लावली. सहा वर्षांपूर्वीची केतकी म्हणाली, “पातेलं.” दुसरी फाइल, “उद्या.” तिसरीत आधी एक छोटासा खोकला होता, आणि मग, “नको.” बाहेरून पेढे घ्यायला बोलावत होते. कोणीच उठलं नाही.

चौथ्या फाइलवर बोट ठेवून ती थांबली. हृषीकेश पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

“ताई,” त्याने हळूच विचारलं, “यात माझं नाव असेल ना गं?”