महूत मोटारी जळतात का?

वारंगा फाट्यावर त्या दुपारी चारी रस्ते एकदम तुंबले. उसानं भरलेली ट्रॉली ऐन चौकात कलंडली, तिच्यामागं नागपूरची ट्रॅव्हल्स अडकली, ट्रॅव्हल्सला वळसा घालायला गेलेली जीप एसटीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, आणि मग जो तो हॉर्न दाबत बसला.

धम्मानंद खिल्लारेची लाल मोटारसायकल या सगळ्याच्या मधोमध होती. मागच्या सीटवर दोरीनं आवळलेली, जळालेली पाण्याची मोटार. शंभर पावलांवर त्याचं रिवायंडिंगचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान दिसत होतं, पण पोचायची सोय नव्हती. शेवटी त्यानं ट्रॉली आणि पानटपरी यांच्यामधल्या फटीत गाडी घातली.

"ओ लाल गाडी! मागं!"

त्यानं वर पाहिलं. एसटीतून उतरलेली एक मुलगी चौकाच्या बरोबर मध्यावर उभी होती. जीन्स, पांढरा शर्ट, पाठीवर भलीमोठी हिरवी सॅक, केस घट्ट बांधलेले. एक तळहात त्याच्यावर रोखलेला आणि दुसऱ्या हातानं ती ट्रॅव्हल्सला मागं सरकवत होती.

"अहो, माझं दुकान इथंच—"

"दुकान पळून चाललं का तुमचं? मागं म्हणलं ना!"

धम्मानंदनं निमूट गाडी मागं घेतली. मिशीवाल्या ट्रकवाल्यांनीही घेतली. तू कोण, हे तिला कुणी विचारलंच नाही. तिचा हात वर गेला की गाडी थांबे, वळला की गाडी वळे. तिचा आवाज चढत नव्हता, चेहरा वैतागत नव्हता. पंधरा मिनिटांत चौक मोकळा झाला, गाड्या सुटल्या... आणि धम्मानंद मात्र इंजिन बंद करून तिथंच उभा.

ती जवळ आली. "जा की आता. तुमाला वेगळं आमंत्रण पाहिजे का?"

"न्हाई... म्हणजे... तुमी पोलिसात हाव का?"

"लष्करी पोलिसात."

"त्यात काय फरक?"

"साध्या पोलिसाशी लोक हुज्जत घालतात. आमच्याशी न्हाई घालत." ती हसली. घामानं तिच्या कपाळावर केसांची एक बट चिकटली होती. "लय तहान लागली हो. दुकानात पाणी हाये का? का नुसत्या पाण्याच्या मोटारीच?"

तिचं नाव ऐश्वर्या पाईकराव. कुरुंद्याच्या भिवाजी पाईकरावांची धाकटी लेक. लष्करी पोलिसात मुलींची भरती सुरू झाली, त्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीतली. आता इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होती आणि वर्षभरानं सुट्टीवर घरी निघाली होती. कुरुंद्याची जीप येईपर्यंत ती दुकानातल्या स्टुलावर बसली, माठातलं तीन पेले पाणी प्याली आणि तांब्याची तार वेटोळ्यात बसवणारे त्याचे हात बघत राहिली.

"चुकत न्हाईत का वेढे?"

"मोजत असलो की न्हाई चुकत."

"आणि कुणी बोलत असलं तर?"

"आता चुकून राहिले बघा," धम्मानंद म्हणाला. खरोखरच चुकले होते.

जीप आली. निघता निघता ती दारात थबकली. "बाबांच्या हळदीच्या पॉलिश ड्रमची मोटार गुरगुर करून राहिली म्हणं. बघायला याल?"

"आजच येऊ?"

"आज? वर्षानं घरी चालले मी... परवा या."

परवा सकाळी साडेसातला तो कुरुंद्यात हजर होता. भिवाजी अजून दात घासत होते.

मोटारीचं बेअरिंग गेलं होतं. तासाभराचं काम, पण धम्मानंदनं दुपार केली. बाहेर खळ्यावर शिजवलेली हळद पसरली होती. त्या उग्र, मातकट वासानं सगळं शिवार भरून गेलं होतं. ऐश्वर्या डोक्याला रुमाल बांधून फावड्यानं हळद वरखाली करत होती. छावणीत रायफल घेऊन उभी राहणारी पोरगी इथं अनवाणी, हळदीनं पिवळ्या झालेल्या पावलांनी चालत होती. धम्मानंदला ती दोन्हीकडं सारखीच शोभली असती असं वाटलं... आणि पाना हातातून निसटून त्याच्या पायावर पडला.

तेवढ्यात औंढ्याच्या बाजूनं आभाळ काळवंडलं. ऐन मार्चात. वारा सुटला, टपोरा थेंब पत्र्यावर वाजला, आणि भिवाजी घरातून ओरडत बाहेर आले, "हळद! अगं, हळद भिजली की गेली!"

भिजलेली हळद काळी पडते आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. ऐश्वर्यानं ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं त्याच्याकडं फेकलं. वाऱ्यानं ताडपत्री फुगून शिडासारखी उडाली.

"खाली बस! गुडघा ठेव तिच्यावर!" ती ओरडली. "अरे ओढ ना, बघून काय राहिला!"

तो ओढत राहिला. चारी टोकांवर दगड ठेवून होईतो दोघं चिंब झाली होती. पत्र्याखाली धापा टाकत उभी राहिल्यावर ऐश्वर्याला एकदम काहीतरी आठवलं.

"मी... मघाशी तुमाला अरे म्हणलं का?"

"व्हय."

"माफ करा हं. गडबडीत—"

"गडबड न्हाई तरी म्हणलं तर चालतंय," धम्मानंद म्हणाला. मग त्यानं उगाच पावसाकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. पाऊस बघण्यासारखा राहिला नव्हता. कधीच थांबला होता.

त्यानंतर ती मोटार आणखी दोनदा तपासली गेली. मोटार केव्हाच बरी झाली होती, धम्मानंदच बरा व्हायचं नाव घेत नव्हता. तिसऱ्या खेपेला भिवाजी चहाचा कप पुढं करत म्हणाले, "लेकरा, मोटारीला आता काय तकलीफ हाये?"

"आवाज ऐकून घेतो म्हणलं, काका."

"ऐक, ऐक," भिवाजी म्हणाले. "ती आज हिंगोलीला गेली हाये, संध्याकाळी येईल."

सुट्टीचे चार दिवस उरले तेव्हा दोघं सिद्धेश्वर धरणावर गेली. खाली पाण्यात मासेमारांच्या होड्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. वारा तिचे केस सोडवू बघत होता आणि ती पुन्हा पुन्हा बांधत होती.

"तीन स्थळं आली मला," ती अचानक म्हणाली. "एक मास्तर, एक बँकेतला, एक इंजिनियर. चांगली माणसं. तिघांच्याही घरच्यांनी एकच विचारलं, नोकरी कधी सोडणार?"

"मग?"

"मग काय? वर्षाच्या वर ट्रेनिंग केलं मी. भरतीच्या वेळी पहाटे चारला उठून कुरुंद्याच्या रस्त्यावर पळत होते, कुत्री मागं लागायची. हे सगळं पोळ्या लाटायला सोडू?" तिनं केसांची गाठ पुन्हा आवळली. "मला लाटता येतात पोळ्या. पण..."

धम्मानंदनं एक खडा उचलला, पाण्यात टाकला, मग आणखी एक टाकला.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली. "तूबी तेच विचारणार असशील तर आत्ताच विचार. म्हणजे मी मोकळी."

"मला दुसरंच विचारायचं हाये."

"काय?"

"महूत... मोटारी जळतात का?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. समजायला तिला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं झटकन तोंड फिरवलं आणि उगाचच केस बांधायला घेतले, बांधलेलेच होते तरी.

"सगळीकडंच जळतात," ती पाण्याकडं बघत हळूच म्हणाली. "लाईट कुठं बराबर हाये?"

"मग झालं तर."

घरी मात्र एवढं सोपं नव्हतं. धम्मानंदची आई केशरबाई अंगणवाडीत सेविका होती. नवरा गेल्यावर त्याच कामावर तिनं लेकाला वाढवलं होतं. पोरगी तिला आवडली, तिचं रोखठोक बोलणं आवडलं, पण लेकाचं शेवटचं वाक्य ऐकून ती ताटावरून उठली.

"तू जाणार? बायकोच्या गावाला? अरे, बाई नवऱ्याच्या घरी येत असते! तिला म्हणावं सोड नोकरी, इथं काय कमी हाये?"

"आई, तू सोडशील अंगणवाडी?"

"मी काहून सोडू? तेवीस वर्षं झाली मला. अर्ध्या गावाला अ-आ-ई मी शिकवलं. माझं—"

केशरबाई बोलता बोलता थांबली. धम्मानंद जेवत राहिला, त्यानं मान वर केली नाही. मग ती पुन्हा ताटावर बसली.

"कुठं म्हणला रे, ते गाव?"

"महू."

"महू?" तिचा घास हातातच राहिला. "बाबासाहेब जन्मले ते महू?"

"तेच."

"मग तसं सांगायचं की आधी!" ती रागानंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी विहारात बायकांना सांगताना ती म्हणाली, "बाबासाहेबांच्या महूत आमची सून लष्करात हाये. धम्मानंदबी तिकडंच राहायला चालला." आधी महू, मग सून आणि बायकोच्या मागं जाणारा लेक शेवटी, कुणाच्या ध्यानात येणार नाही असा.

मे महिन्यात ऐश्वर्याला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. कुरुंद्याच्या विहारात, पांढऱ्या कपड्यांत, साधंसं लग्न लागलं. ती परत गेली ती छावणीबाहेर खोली बघायला. धम्मानंद मागं राहिला हातातली कामं उरकायला. दुकान जोडीदार वैजनाथच्या हवाली करायचं होतं. आठ वर्षं दोघं एकाच बाकावर काम करत होते.

ते दोन महिने त्याला जड गेले. फाट्यावरचा बंटी रोज चहा पिता पिता विचारायचा, "काय खिल्लारे, बायकोचे बूट पॉलिश करायला कधी जाऊन राहिला?" धम्मानंद हसून सोडून द्यायचा. मनाला लागत होतं ते दुसरंच. ऐश्वर्या रोज फोन करायची, खोलीत खिडकी किती मोठी आहे ते सांगायची, पण 'कधी येतोस?' असं एकदाही विचारायची नाही. एकदाही. हिला मी नकोसा तर नाही ना, असं त्याला वाटून जायचं. मग त्यानंच एका सकाळी तारीख सांगितली. पलीकडं नुसती शांतता.

"ऐकू आलं का?"

"आलं," ती म्हणाली, आणि ड्यूटीवर बोलावलं म्हणून फोन ठेवला.

हिंगोलीहून अकोला, अकोल्याहून खंडवा, तिथून पुढं बसनं इंदूर आणि मग महू. हत्यारांची पेटी, कपड्यांची बॅग, आणि भिवाजींनी दिलेलं हळदीचं अर्धं पोतं. संध्याकाळी तो छावणीच्या फाटकापाशी उतरला तेव्हा खांदे गळून आले होते.

पहारेकऱ्यानं विचारलं, "किससे मिलना है?"

"बीवी से."

"आप कौनसी यूनिट में हैं?"

"मैं नहीं... वो हैं."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडं, मग पोत्याकडं पाहिलं. तिचं नाव विचारलं. नाव ऐकताच तो एकदम ताठ झाला आणि म्हणाला, "पाईकराव मैडम के हसबैंड? बैठिए, बैठिए."

ती आली ती ड्यूटी संपवून सरळ, वर्दीत. डोक्यावर लाल टोपी, कमरेला पांढरा पट्टा, बुटांवर आभाळ दिसावं अशी चकाकी. धम्मानंदनं तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. पेटी उचलून तो उठून उभा राहिला. ती दोन पावलांवर थांबली.

"आलास."

"येतो म्हणलं होतं ना."

"सगळेच म्हणतात," ती म्हणाली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र भरलेले. "मी युनिटमधी कुणालाच सांगितलं नव्हतं, तू राहायला येऊन राहिला म्हणून. न्हाई आलास तर... लोकांची कीव नको होती मला. म्हणून विचारलंबी न्हाई कधी."

"येडी हायेस का तू?"

"व्हय," ती म्हणाली आणि चारचौघांत, वर्दीवर, तिनं त्याच्या हातातली पेटी ओढून घेतली.

खोली जवळच आहे, असं फोनवर तिनंच सांगितलं होतं. पण दोघं चालत राहिली. वाटेत भाजीवाली भेटली. ऐश्वर्या थांबली. "मौसी, ये मेरे पति. हिंगोली से आए हैं. मोटर का काम करते हैं, बहुत बढ़िया." मग इस्त्रीवाला. मग बूट दुरुस्त करणारे चाचा. मग घरमालकीणबाईंची बहीण. प्रत्येकापाशी तेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी 'बहुत बढ़िया'वर जरा जास्तच जोर. धम्मानंद हात जोडून जोडून दमला. हळदीचं पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. दिवे लागले. बाजारातून वळसा घालून दोघं पुन्हा एका चहाच्या दुकानासमोर आली.

"ऐश्वर्या... ह्याच दुकानावरून आत्ता गेलो ना आपण?"

"व्हय."

"मग परत काहून?"

"मघाशी दुकानदार नव्हता," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट धरून त्याला आत घेऊन गेली.