अकरा टाळकी

टाकळखेडा हॉल्टवर सकाळची वणी पॅसेंजर दोन मिनिटं थांबते, असं वेळापत्रक म्हणतं. खरं तर ती आमच्या मोजणीसाठी थांबते. रोज अप-डाऊन करणारे आम्ही अकरा जण. मी टाळकी मोजून हात वर केला, की मागून गार्ड पुंडलिकराव हिरवी झेंडी दाखवतात. नियमात बसत नाही, पण सहा वर्षांत आमच्यातल्या कुणाची गाडी चुकली नव्हती, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

त्या सोमवारी बोगीचं लग्नघर झालं होतं. आमची साधना पाच वर्षं वणीच्या एका खासगी दवाखान्यात राबली, आणि आता सरकारी दवाखान्यात तिची नर्सची ऑर्डर निघाली होती. बारापर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द. आमच्यातल्याच इंदुताईंनी पेढे आणले होते. गाणी सुरू होती. त्या गलक्यात तोंडं कोण पाहतं? मी मोजलं, अकरा भरले, हात वर केला.

गाडी सुटली. खिडकीतून पाहिलं, तर साधना फाटकापाशी चपला हातात घेऊन धावत होती.

"राजदीप, काहून सोडली रे गाडी?" इंदुताई म्हणाल्या.

"अकरा भरले न, ताई."

"मोज बरं परत."

मोजले. अकरा.

एकेकाचं नाव घेऊन मोजले. दहा.

पुन्हा नुसते मोजले. अकरा.

इंदुताईंनी पेढ्यांचा खोका बंद केला, आणि गाणी तिथंच अडली.

दिवसभर मी स्वतःला शिव्या घातल्या. संध्याकाळी परतीच्या गाडीत साधना चढली, ती हसतच.

"बसनं आली, एक वाजला. रडतच गेली आत, दादा. तं बाबू म्हणे, मॅडम, तुम्ही साडेदहालेच रुजू झाल्या. रजिस्टर दाखवलं मले. सही माझीच होती."

"कुणीतरी सांभाळून घेतलं असेल."

"असंन. नोकरी वाचली न माझी."

इंदुताईंनी पेढ्यांचा खोका उघडला. सकाळची अडलेली गाणी दुप्पट आवाजात सुरू झाली. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

"अन् तिथल्या सिस्टर लय मस्करीच्या," साधना सांगत होती. "म्हणे, आत्ताच तं जेवली आमच्यासंगं, तुह्या डब्यातली मेथीची भाजी आम्हीच संपवली. मीही हसली. दोन वाजता भूक लागली, म्हणून पिशवीतला डबा उघडला."

ती अजून हसतच होती.

"घासून ठेवला होता, दादा. आतून ओलाच होता."