चारशे सतरा नंबरचा बिल्ला

बसा, पण ते मोबाईल आधी पालथे ठेवा. ही गोष्ट काही ऐकीव नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्याच रांगेतल्या क्वार्टरमध्ये राहायचा, आणि त्या रात्री फाटकाचं कुलूप काढून देणारा दरवान अजून हयात आहे. कंपनीच्या फुटबॉल संघात गोलवर उभा राहायचा म्हणून सगळे त्याला गोली म्हणत. पोटाचा घेर सुटला, केस गेले, तरी नाव काही सुटलं नाही.

तर नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. पोलादाचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती. गोलीची आई तीन महिने अंथरुणाला खिळलेली. त्या संध्याकाळी तिनं त्याला जवळ बोलावलं.

"उद्या फाटक पाडणार आहेत म्हणे."

"हो. भंगारवाला सकाळीच येतोय."

"धाकट्याचा बिल्ला तिथं टांगलाय अजून. माझ्या लेकराचा बिल्ला भंगारात जाऊ देऊ नकोस. आजच आण."

बिल्ला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार. फाटकाजवळच्या खोलीत एक लांबलचक लाकडी फळी होती, तिच्यावर नंबरवार खिळे. आत जाताना आपला पितळी बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर पडताना परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि हा नियम गोलीनंच मोडला होता.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खात्याखात्यांची फुटबॉलची फायनल होती आणि गोलीची पाळी दुपारी दोन ते दहा. रजा मिळेना. त्यानं आपला चारशे सतरा नंबरचा बिल्ला सकाळीच फळीवरून काढून आणला आणि गुपचूप धाकट्याच्या हातात कोंबला.

"एवढी पाळी मार रे माझ्या जागी. तोंडाला फडकं बांधलं की मुकादमाच्या बापालाही कळायचं नाही."

धाकटा नुकताच रात्रपाळी करून आला होता, डोळे चुरचुरत होते. तरी हसला. "हरून आलास तर घरात घेणार नाही, दादा," म्हणाला आणि गेला.

गोलीनं शेवटची पेनल्टी अडवली. पोरांनी त्याला खांद्यावर उचललं आणि तेवढ्यात भोंगा वाजला. पाळीचा नव्हे. थांबेचना तो. गोली पळत फाटकाशी पोचला तेव्हा कारकून ओरडून त्याचाच नंबर पुकारत होता. वितळलेलं पोलाद ओतायची बादली कलंडली होती, खाली एक माणूस होता, आणि फळीवर चारशे सतराचा खिळा रिकामा होता. गोलीला जिवंत बघून साहेबांनी विचारलं, "मग तुझा बिल्ला कुणाकडे?"

नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"धाकट्यानं उचलला असेल," तो म्हणाला. "मला न विचारता."

नोंद तशीच झाली. चूक मेलेल्याची. घरी द्यायला तर काही उरलंच नव्हतं. ते पोलाद कंपनीनं विकलं नाही, भट्टीमागं खड्डा करून पुरलं. गोलीला नवा नंबर मिळाला. धाकट्याचा स्वतःचा बिल्ला मात्र फळीवरच राहिला, म्हणजे फळीच्या लेखी तो त्या दिवशी कामावर गेलाच नव्हता. आईनं कधी काही विचारलं नाही. गोलीनं कधी सांगितलं नाही. एका घरात, एका ताटाशी बसून बावीस वर्षं.

हां, तर त्या रात्री दरवानानं कुलूप काढून दिलं आणि तो बाहेरच विडी ओढत थांबला. गोली बॅटरी घेऊन खोलीत शिरला. फळीवर धूळ. बाकीच्यांनी आपापले बिल्ले आठवण म्हणून कधीच नेले होते. सहाशे खिळे रिकामे, एकावर तेवढा बिल्ला. चारशे एकतीस. त्यानं तो काढला, शर्टाला पुसला, खिशात टाकला. घड्याळात बघितलं. बरोबर दहा. पाळी सुटायची वेळ.

आतल्या बाजूनं बूट वाजले.

एकाच माणसाचे. जड. लोखंडी जिन्यावरून खाली... मग फरशीवर. आतलं दार तर विटा लावून बुजवलेलं होतं. बूट त्या बाजूनंच आले.

चेहऱ्यावर झळ लागली. भट्टीचं दार उघडलं की लागते तशी.

गोलीनं बॅटरी बंद केली. हो, त्यानं स्वतःच. बघायची हिंमत नव्हती.

बूट थांबले. अगदी शेजारी.

"आलास?" गोली म्हणाला.

काही नाही.

"मी... मीच दिला होता रे तुला. तू नव्हता उचललास... मी खोटं..."

नुसता श्वास. दमलेला.

मग फळीवर टिंग असा बारीक आवाज झाला. बूट त्याच्या जवळून फाटकाकडं गेले... आणि विरले. दरवानानं कुणालाच बाहेर येताना पाहिलं नाही.

गोलीनं बॅटरी लावली. चारशे सतराच्या खिळ्यावर बिल्ला होता. हात लावला तर चटका बसला.

घरी आला तेव्हा आई जागीच होती. त्यानं दोन्ही बिल्ले तिच्या हातात ठेवले, जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. रडत रडत, नाक पुसत, शाळेतल्या पोरागत. आई त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "जाताना सांगून गेला होता. म्हणाला, दादानं पाठवलंय, पण त्याला बोलू नकोस, त्याची मॅच आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"एक गेला होता. तुला बोलले असते तर तूही गेला असतास." तिनं दोन्ही बिल्ले मुठीत आवळले. "तू सांगशील म्हणून वाट बघत होते. फार वेळ लावलास रे."

पहाटे ती गेली. सकाळी आम्ही शेजारी जमलो. तिची मूठ मीच सोडवली. हात गारठलेले, बोटं ताठ. धाकट्याचा बिल्लाही थंडगार. पण चारशे सतरा... तो अजून कोमट होता.

गोलीही आता नाही. तो बिल्ला माझ्याकडे असतो. हा घे, हातात धरून बघ.