जात्यातला शेवटचा घास

पिंपळीच्या शाळेवर महिपती मास्तर बदलून आले, तेव्हा गावाला त्यांची ट्रंक दिसली, बायको सिंधुबाई दिसली आणि तिच्या कडेवरची पोरगी दिसली. आपलं लिहिलेलं एकदा तरी छापून यावं ही जी हौस मास्तरांनी बरोबर आणली होती, ती तेवढी कुणाला दिसली नाही.

साल एकोणीसशे चौतीस. नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी होतं, रानात ऊस उभा होता, गुऱ्हाळं पेटली की गोडसर धूर सगळ्या शिवारावर उतरायचा. फायनल पास झालेला माणूस, लोकल बोर्डाची नोकरी, वर भाजीपाला गाव आणून देतंय. अशा माणसानं दुपारी पान खाऊन आडवं व्हावं की नाही? पण मास्तर शाळा सुटली की टाक घेऊन बसायचे आणि राजपुत्र, कट्यारी, चांदण्यातले बुरूज असलं काहीबाही लिहून पुण्याच्या एका मासिकाला पाठवायचे. बुरूज त्यांनी उभ्या जन्मात जवळून पाहिला नव्हता. गोष्टी टपालानं परत यायच्या.

दुसऱ्या थंडीत पोरगी गेली. जयवंता तिचं नाव, चार वर्षांची होती. घटसर्प झाला, आणि बारामतीचा डॉक्टर टांग्यातून उतरेपर्यंत गळा मिटला होता. सिंधुबाई धाय मोकलून रडली. मास्तर रडले नाहीत. पोरीच्या पायातला चांदीचा वाळा त्यांनी देवळीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. तिचं नावही त्यांनी परत कधी तोंडातून काढलं नाही. पण घरातून निघताना हात देवळीत जायचा, वाळा चाचपायचा, मग पायात वहाणा. वाळा चाचपल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. सिंधुबाई ते चुलीपाशी बसून बघायची आणि तेवढ्यावर दिवस काढायची.

त्या वर्षी जी गोष्ट परत आली, तिच्या कडेला संपादकांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'बुरूज पुरे. जवळचं लिहा. आणि गोष्टीला शेवट असू द्या.'

जवळ काय होतं? जवळ एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे कुशाबाई.

कुशाबाई कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरची काढणारी म्हातारी. घरात मुलगा गेणबा आणि ती. रोज दिवस उगवायच्या आत तिचं जातं सुरू व्हायचं, त्याची घरघर भिंतीतून यायची आणि मागोमाग ओवी यायची. तिची लेक झुंबर इंदापूरकडे दिली होती आणि तिथल्या विहिरीत पडून मेली होती. कुशाबाई एरवी तिच्याविषयी चकार शब्द बोलत नसे. जात्यावर बसली की मात्र,

'लेक दिली गं लांब, इंदापुराच्या रानात
झुंबर माझी बाई घागर घेती उन्हात'

मास्तर भिंतीला कान लावून ऐकायला लागले. राजपुत्र बाजूला पडले. मात्र एक गोष्ट त्यांना सलायला लागली. दळण सरत आलं की शेवटची ओवी अर्ध्यावर सुटायची.

'खोल हीर गं बाई, दोर तिथवर पोचंना'

आणि गप्प. दुसरी ओळ कधी यायचीच नाही.

"म्हातारी शेवटची ओवी अर्धी का टाकते गं?" त्यांनी सिंधुबाईला विचारलं.

"टाकत न्हाय, ठेवती," सिंधुबाई म्हणाली. "जात्याचं तोंड रिकामं ठेवत न्हाईत. मूठभर दाणं ठेवायचं आन् एक ओळ ठेवायची. मी बी ठेवती."

"कशासाठी?"

"उद्या बसायला नको का परत?"

बायकांचं काहीतरी खूळ, असं मास्तरांनी मनात म्हटलं आणि दुपारी कुशाबाईच्या अंगणात जाऊन बसले. ती मिरच्या निवडत होती. पहिले दोन दिवस तिनं मिरच्यांखेरीज काही विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बांध फुटावा तशी बोलली. झुंबरचे कुरळे केस, तिला गुऱ्हाळावरची गरम काकवी आवडायची ते, लग्नात हट्टानं घेतलेलं हिरवं लुगडं, सगळं. मास्तर लिहीत गेले. शेवटी राहिली ती ओळ.

"ती न्हाय द्यायची," कुशाबाई म्हणाली.

"मावशी, गोष्टीला शेवट लागतो."

"दळणाला न्हाय लागत."

"छापून आलं तर झुंबरचं नाव सगळ्या मुलखात होईल. तुमच्यामागं कोण घेणार तिचं नाव?"

म्हातारीनं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग गायलीच नाही, नुसती बोलली. "झुंबर माझी हाका मारी, वर कुनाला सुचंना."

मास्तरांनी लिहून घेतलं. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि त्यांना फार आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे जातं फिरलं. ओवी आली नाही.

गोष्ट छापून आली. संपादकांचं कौतुकाचं कार्ड आलं. बारामतीच्या वाचनालयात लोकांनी मास्तरांना खुर्ची दिली. मास्तर अंक घेऊन कुशाबाईकडे गेले आणि तिला सगळी गोष्ट वाचून दाखवली. म्हातारीच्या डोळ्यांना पदर लागला.

"लई वंगाळ झालं बिचारीचं," ती म्हणाली. "कुनाची वं ही लेक?"

मास्तर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी हसत नाहीये.

"झुंबर, मावशी. तुमची झुंबर."

"मला कुठली लेक? माझा एक गेणबाच." आणि ती उठून वांग्यांना पाणी द्यायला गेली.

वय झालं, असं मास्तरांनी ठरवलं. माणसं विसरतात. पण आखितीला गेणबा दारात येऊन उभा राहिला. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून ठेवतात.

"आयनं आज्याचा करा ठिवला, बाचा ठिवला," गेणबा म्हणाला. "झुंबरचा ठिवंना. मी ठिवला तर म्हनती, ही कोन आनली घरात? मास्तर, तुमी तिला काय केलं?"

"मी काय करणार? मी फक्त लिहिलं."

गेणबा खाली बघत निघून गेला. त्या दिवशी सिंधुबाईनं जयवंताचा लहानसा करा भरला आणि बाहेर पडलेले मास्तर दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

मास्तर शिकलेले. त्यांनी छडा लावायचा ठरवला आणि बारामतीहून मोटारीनं इंदापूरकडे गेले. कालवा मागं पडला तसा ऊस संपला, पुढं नुसती ज्वारीची वाळलेली धसकटं आणि काळी भेगाळलेली जमीन. झुंबरची सासू साखरबाई विहिरीच्या कडेला बाभळीखाली बसली होती. दुपार रणरणत होती.

"झुंबर व्हय," ती म्हणाली. "आमचीच सून. हितंच पडली."

"हाका मारत होती म्हणे. वर कोण होतं?"

"आमी व्हतो की." साखरबाईच्या आवाजात काही नव्हतं, ना दुःख ना लाज. "अजून मारती. दुपारच्याला."

मास्तर विहिरीच्या कडेशी गेले. पाणी फार खाली होतं. खबदाडातून पारवे घुमत होते, आणि घुमण्याच्या मधेमधे दुसरं काहीतरी. पारवेच असणार.

"पयल्यांदा 'आये, आये' म्हनायची," मागून साखरबाई म्हणाली. "औंदा आयेला बोलवायचं सोडलंय. आता नुसतं इचारती, वर कोन हाय का."

मास्तर परतीच्या मोटारीत बसले ते घाम पुसत. घरी येऊन त्यांनी सिंधुबाईला सगळं सांगितलं, पारव्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. आश्चर्य वाटलं नाही तिला.

"मला एक वचन द्या," ती म्हणाली. "आपल्या जयीचं लिहू नका."

"मी कशाला लिहीन?"

"तुमी लिहिनार. मासिकवाल्याचं दुसरं कार्ड आलंय, मी बघितलं. तुमी ते खिशात घालून हिंडताय."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. खिशातल्या कार्डावर होतं, 'आणखी जवळचं काही असेल तर पाठवा.'

वचन त्यांनी पाळलं, उन्हाळाभर. पण लिहायची चटक लागलेला माणूस तो. गाईवर लिहिलं, जमलं नाही. गुऱ्हाळावर लिहिलं, जमलं नाही. रात्री झोप नाही, जेवण नाही, वर्गात मुलांवर खेकसणं. छातीत एक गोष्ट अडकून बसली होती आणि तिच्या मागं बाकी सगळ्या अडल्या होत्या. शेवटी त्यांनी स्वतःशीच एक तोड काढली. सिंधूला काही विचारायचं नाही. तिचं तिच्याजवळ राहील. आपलं आपण लिहायचं, आणि म्हातारीनं जी चूक केली ती करायची नाही. शेवट आपल्याजवळ ठेवायचा.

शाळा सुटल्यावर ओस पडलेल्या वर्गात ते लिहीत गेले. दळायला बसलेल्या आईच्या समोर बसून पोरगी इवल्या मुठीनं जात्यात दाणे घालायची, त्याला 'जात्याला घास देते' म्हणायची, ते लिहिलं. वाळ्याचा आवाज लिहिला. टाक कधी इतका सरळ चालला नव्हता. शेवटची ओळ सोडून त्यांनी गोष्ट पाठवली.

संपादकांचं उत्तर आलं. 'आजवर असं काही वाचनात आलं नाही. पण शेवट कुठे आहे?'

शेवट होता. पोरगी गेली त्या सकाळी सिंधुबाई पाणी तापवत होती आणि ती मास्तरांच्या मांडीवर होती. जाता जाता तिनं बापाजवळ काहीतरी मागितलं होतं. काय मागितलं ते जगात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. सिंधुबाईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

कार्ड त्यांनी फाडून टाकलं. दोन दिवसांनी शाळेत बसून ती एक ओळ लिहिली, टीपकागदानं टिपली आणि बारामतीला जाऊन टपालात टाकली.

परत येताना मास्तरांना सपाटून भूक लागली होती. कालव्याच्या कडेनं चालताना ते चक्क गुणगुणत होते. घरी तीन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्याले. किती दिवसांनी माणूस जेवला म्हणून सिंधुबाई आधी सुखावली, आणि मग तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेला निघाले. वहाणा घातल्या आणि सरळ बाहेर पडले.

"अवं," सिंधुबाई म्हणाली.

"काय गं?"

ती देवळीकडे बघत होती. मास्तर मागं आले, देवळीत हात घातला, वाळा काढून उजेडात धरला.

"हा कुणाचा राहिला इथं? कुशामावशींकडं कुणाचं पोर आलं होतं का? चांदीचा आहे, देऊन टाक त्यांना."

सिंधुबाईनं वाळा त्यांच्या हातातून घेतला आणि कमरेला खोचला. अलीकडे ती फारशी बोलतच नाही, असं मास्तरांना वाटलं. बायकांचं काही कळत नाही.

गोष्ट छापून आली. लोकांनी रस्त्यात थांबवून मास्तरांचे हात हातात घेतले. मास्तरांनीही ती वाचली आणि त्यांना ती आवडली. पोरगी फार गोड लिहिली गेली होती.

मग नवं कार्ड आलं. मास्तर नव्या गोष्टीच्या शोधात होतेच.

एका सकाळी त्यांना जाग आली ती जात्याच्या आवाजानं. भिंतीपलीकडचा नव्हता, घरातला होता. सिंधुबाई बारीक आवाजात म्हणत होती,

'जात्याच्या तोंडामंदी, इवली मूठ कुनाची'

आणि थांबली.

मास्तर उंबऱ्यात येऊन बसले. गुडघ्यावर कागद घेतला.

"छान आहे गं ही. कुणाची मूठ?"

सिंधुबाईनं सूप जवळ ओढलं.

"अगं सांग की. पुढची ओळ राहिली."

तिनं सुपातली ज्वारी मूठभर उचलली, जात्यात घातली, आणि त्याच्या तोंडावर तळहात पालथा घालून बसली.

"सिंधू," मास्तर मायेनं म्हणाले, "गोष्टीला शेवट लागतो."

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि वाट बघत बसले. त्यांना कसलीच घाई नव्हती.