शेवटच्या थेंबापाशी

हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं, पण उर्वीसमोर हसू नये. तिचा राग अजून उतरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

उर्वी माझी मामेबहीण. जन्म अमेरिकेतला, वाढली मिनेसोटात, ईडन प्रेरीला. तिथे शेजाऱ्यांचं बघून ती आणि तिचा मोठा भाऊ अनय शाळेत असतानाच धनुष्यबाणानं शिकार करायला शिकले. बंदूक नाही, तीरच. माझे मामा, डॉक्टर उल्हास, जन्मभर शाकाहारी. पण पोरं शिकारीला निघाली की पहाटे उठून थर्मास भरून द्यायचे.

मामा दोन वर्षांपूर्वी गेले.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ एकटा अनय होता. रेखामामी तापानं घरी पडलेल्या. उर्वी त्याच शहरात कामावर होती. अनयनं तिला फोन केला नाही. केला तो सगळं संपल्यावर.

नंतर तिथल्या नर्सनं तिला सहज सांगितलं, तुझे वडील दुपारभर शुद्धीवर होते, मुलाशी बोलत होते, तुझं नाव सारखं घेत होते.

काय बोलत होते?

उर्वीनं अनयला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये विचारलं. दिवसकार्य झाल्यावर विचारलं. तो हर्नडनला, आपल्या नोकरीवर परत गेल्यावर फोनवर विचारलं. हा पठ्ठ्या मूग गिळून बसला. दर वेळी एकच, नंतर सांगतो. वडिलांचे शेवटचे शब्द काय याच्या एकट्याची इस्टेट होती? पण नाही बोलला.

म्हणून गेल्या जानेवारीत त्यानं स्वतःहून, ॲरिझोनाला हरणाच्या शिकारीला जाऊ या, असं म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली. हरणासाठी नाही. त्या उत्तरासाठी.

जागा दक्षिण ॲरिझोनातली. डांबरी रस्ता संपल्यावर कच्चा, कच्चा संपल्यावर पायवाट. पाठीवर तंबू, पाणी, धनुष्यं. काटेरी झुडपं, माणसाएवढी आणि माणसाहून उंच निवडुंगं, आणि मधून वाळूचे कोरडे ओढे. फोनला रेंज नाही. आसपास दुसरी एकही गाडी नाही.

अनय हवापाण्यावर बोलला, ऑफिसवर बोलला. बाबांचं नाव नाही. उर्वी आतल्या आत धुमसत राहिली.

शनिवारी सकाळी त्यांना म्यूल डिअर दिसलं. गाढवासारखे लांब कान, मोठी शिंगं, दांडगा नर. अंतर फार होतं. उर्वीनं मान हलवून नको म्हटलं. अनयनं ऐकलं नाही. तीर सोडला.

तो पोटात लागला.

तीर पुढे वाळूत सापडला. त्याला हिरवट चिकटा होता आणि घाण वास येत होता. धनुष्यानं शिकार करणाऱ्या कुणालाही विचारा, यानंतर काय करायचं ते ठरलेलं असतं. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही. जवळच झुडपात जाऊन बसतं. त्याला तासन्‌तास तसंच बसू द्यायचं. मागे गेलात की ते उठून पळतं, मैलोन्‌मैल, आणि मग कुठेतरी हालहाल होऊन मरतं.

उर्वी म्हणाली, संध्याकाळपर्यंत थांबायचं. अनयला दम नव्हता. उद्याची फ्लाइट होती. कोल्हे खातील म्हणाला, रक्त सुकेल म्हणाला, आणि दुपारीच उठून चालू लागला.

व्हायचं तेच झालं. झुडपातून नर उठला, अडखळला आणि टेकाडापलीकडे नाहीसा झाला.

उर्वीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यू ऑल्वेज डू धिस, दादा," ती म्हणाली. "तुला वाटतं ते करून टाकतोस. मागे बाकीच्यांचं काय होतं, तुला काही नसतं."

ती हरणाबद्दल बोलत नव्हती. त्यालाही ते कळलं. तो लालबुंद झाला.

पण जखमी जनावर सोडून यायचं नाही, हा दोघांचा लहानपणापासूनचा नेम. म्हणून ते माग काढायला लागले. त्याचीही पद्धत आहे. रक्ताचा जो शेवटचा थेंब सापडला, त्यापाशी एकानं उभं राहायचं. हलायचं नाही. दुसऱ्यानं पुढे जाऊन पुढचा थेंब शोधायचा. सापडला की हात वर करायचा. मग मागच्यानं पुढे यायचं, आणि तो येईपर्यंत पुढच्यानं जागा सोडायची नाही. हाका मारायच्या नाहीत, जनावर बिथरतं.

दुपारभर ते असेच सरकत राहिले. उर्वी उभी, अनय पुढे. हात वर. पुन्हा उर्वी उभी, अनय पुढे.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते एका कोरड्या ओढ्यात उतरले. तिथे एका पांढऱ्या दगडाशेजारी एक थेंब होता. पुढे काहीच नाही. उर्वी थेंबापाशी उभी राहिली. अनय ओढ्याच्या वळणापलीकडे गेला.

ती थांबली.

खूप वेळ थांबली.

आतापर्यंत झुडपात लावे पक्षी ओरडत होते. ते कधी गप्प झाले तिला कळलं नाही. वारा पडला. कानात स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग... वळणाजवळच्या झुडपांवर एक हात वर झाला.

मागे मावळतं ऊन होतं. तोंड दिसेना, अंगही दिसेना. फक्त हात, ताठ वर केलेला.

उर्वी पुढे गेली. त्या झुडपाखाली खरंच रक्त होतं. ओलं, ताजं.

अनय नव्हता.

तिला भीती वाटली नाही, चीड आली. मागचा येईपर्यंत जागा सोडायची नाही, एवढं साधं यानं पाळू नये? तिनं वर पाहिलं. ओढ्यात आणखी पुढे, निवडुंगाच्या आडून... पुन्हा तो हात.

ती तणतणत तिथे गेली. रक्त होतं. अनय नव्हता.

असं किती वेळा झालं तिला सांगता येत नाही. दर वेळी हात, दर वेळी रक्त. वाळूत हरणाच्या खुरांचे ठसे होते. अनयच्या बुटांचे... नव्हते. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती थबकली.

समोर एका खळग्यात हरीण पडलेलं होतं.

तिनं मानेला हात लावला. गार. पाय लाकडासारखे ताठ. दुपारी डोळ्यांदेखत पळालेलं जनावर, आणि हात लावला तर जणू कालपासून मेलेलं.

आता बिथरायला कुणी उरलं नव्हतं. तिनं मोठ्यानं हाक मारली. दादा...

उत्तर नाही. दरीतून आवाज परत येतो, तोही आला नाही.

तिनं कपाळाचा दिवा लावला आणि आल्या वाटेनं झपाझप मागे निघाली. पांढऱ्या दगडापाशी पोचली. थेंब होता, आता काळा पडलेला.

पण तिच्या बुटांचे ठसे नव्हते.

ती त्या जागी इतका वेळ उभी होती. पाय बदलले होते, वाळू उकरली होती. आता तिथली वाळू सपाट होती, झाडून घेतल्यासारखी. आणि त्या सपाट वाळूसमोर, एका हाताच्या अंतरावर, अनयच्या बुटांचे ठसे येऊन थांबले होते. त्यापुढे दोन खोल खड्डे होते.

गुडघ्यांचे.

तिथे कुणीतरी कुणाच्यातरी समोर गुडघे टेकून बसलं होतं.

ती तंबूकडे अक्षरशः पळत गेली. अनय तिथे होता. शेगडीवर पाणी ठेवत होता. डोळे सुजलेले, पण चेहरा असा मोकळा की तिनं तो वर्षभरात पाहिला नव्हता. तिला बघून उठला आणि मिठी मारली. थँक यू म्हणाला. पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तिनं त्याला ढकललं. कुठे होतास, विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, पुढे रक्त मिळालं नाही, म्हणून टेकाडावरून वळसा घालून मी मागे तुझ्याकडेच आलो. तू त्या थेंबापाशी उभी होतीस. माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली, तू वळली नाहीस. मला वाटलं, अबोला धरलास. मग मला राहवलं नाही. गुडघ्यांवर बसलो आणि सगळं सांगितलं.

"काय सगळं?" उर्वीनं विचारलं.

"बाबांचं. तुला का बोलावलं नाही ते. आणि ते तुझ्यासाठी काय म्हणाले ते."

ती म्हणाली, मी तिथे नव्हते. मी पुढे हरणापाशी होते.

अनय आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि मग पारा चढला.

"डोन्ट डू धिस, उर्वी. मी रडलो तुझ्यासमोर. तू न वळताच माझ्या डोक्यावर हात ठेवलास. माफ केलं, तू हो पुढे, म्हणालीस."

"मी नाही म्हटलं."

"मग कोण म्हणालं?"

तिनं गुडघ्यांच्या खुणांचं सांगितलं, नाहीशा झालेल्या ठशांचं सांगितलं, त्या हाताचं सांगितलं. अनयला वाटलं, ही मुद्दाम करते आहे. आपल्याला पुन्हा भीक मागायला लावते आहे. त्यानं साफ सांगितलं, मी एकदा बोललो, परत बोलणार नाही.

ती तिथेच ओरडली. जे माझं होतं ते तू भलत्याच कुणाला देऊन आलास, म्हणाली. तो तंबूत जाऊन झोपला. गाढ झोपला, वर्षभराची झोप राहिल्यासारखा. ती उजाडेपर्यंत बाहेर बसून राहिली.

सकाळी दोघांनी जाऊन हरीण सोललं, मांस पिशव्यांत भरलं, पाठीवर घेतलं. त्यासाठी तो ओढा ओलांडावा लागला. अनयनं त्या जागेकडे पाहिलं. सपाट वाळू पाहिली, आपल्याच गुडघ्यांचे खड्डे पाहिले. वाऱ्यानं झालं असेल, म्हणाला.

रात्रभर वारा नव्हता. आणि वारा एकाच माणसाचे ठसे निवडून पुसत नाही.

पुढचं ऐका, मला जास्त त्रास याचाच होतो.

अनयनं घरी जाऊन मामींना सांगितलं, उर्वीनं मला माफ केलं. मामींनी आनंदानं रडत तिला फोन केला. म्हणाल्या, तुझे बाबा शांत झाले असतील गं. उर्वी काय बोलणार? सगळे नातेवाईक तिला शहाणी, मोठ्या मनाची म्हणायला लागले. तिनं न दिलेली माफी तिच्या नावावर जमा झाली. तिच्या जागी मी असतो तर घरातली भांडी फोडली असती.

एप्रिलमध्ये तिनं हट्ट सोडला. अनयला फोन केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, दादा, तुझं खरं. मी तिथे होते असं समज. फक्त एकदा परत सांग. बाबा काय म्हणाले?

अनय हळू आवाजात म्हणाला, "मला आठवत नाही."

तिला वाटलं, पुन्हा सुरू झालं याचं. पण तो घाबरलेला होता. त्याला गुडघे टेकल्याचं आठवतं. रडल्याचं, डोक्यावरच्या हाताचं, छाती हलकी झाल्याचं आठवतं. काय सांगितलं ते आठवत नाही. एवढंच नाही. हॉस्पिटलमधली ती दुपारच आठवत नाही. खोलीत शिरल्याचं आठवतं, आणि एकदम बाबा गेलेले. मधलं सगळं कोरं. उर्वीला का बोलावलं नाही, हे आता त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

मी स्वतः त्याच्याशी बोललो. चांगला खडसावला. तो खोटं बोलत नाही. खोटं बोलणारा माणूस असा रडवेला होत नाही.

म्हणजे मामा त्या दुपारी आपल्या मुलीसाठी जे काही बोलले, ते आता या जगात कुणाजवळही नाही. फक्त त्या ओढ्यात पाठ करून जे उभं होतं... त्याच्याजवळ आहे.

गेल्या आठवड्यात उर्वी आमच्याकडे फ्रिस्कोला आली होती. हे सगळं तिनं आमच्या किचनमध्ये बसून सांगितलं. रडली नाही. सांगताना तिचे ओठ पांढरे पडले होते. येत्या जानेवारीचं शिकारीचं लायसन्स तिनं काढलं आहे. एकटीचं.

मी म्हणालो, जाऊ नकोस. अनय तिथून एक आख्खी दुपार गमावून आला. तू काय गमावशील सांगता येत नाही.

ती म्हणाली, "ती दुपार माझी होती. मी मागायला चालले आहे."

मी रेखामामींना अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं, पण फोन हातात घेतला की काय बोलायचं ते सुचत नाही. जानेवारी जवळ आला आहे.