पाठीवरचा काळा ठिपका

सकाळी सव्वासातला मुकुंद कारखानीसने वरच्या मजल्यावरची बेल दाबली, ती दाबूनच धरली.

"ताई, लगेच खाली चला. मोहनाने परत मासा मारला."

संयोगिताबाई घोरपडे तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अकोटा भागातल्या त्या मराठी-गुजराती वस्तीच्या सोसायटीत कुणाची मांजर हरवली किंवा कुणाच्या गॅलरीत मधमाश्या बसल्या, की बोलावणं त्यांनाच यायचं. त्या आधी चिडायच्या आणि मग जायच्या. आज चिडायलाही वेळ मिळाला नाही. "मोहनाने मारला" हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. चहा तसाच टाकून त्या उतरल्या.

दिवाणखान्यात ऐंशी लिटरची काचेची टाकी होती. पाणी खारं, आत खडक, खडकावर हलणारे प्रवाळ, तळाला पांढरी वाळू. टाकीसमोर मुकुंदची बायको मोहना हातात जाळी घेऊन उभी होती. जाळीत बोटाएवढा मासा, शेपटी फाटलेली, पोटाचा लचका तोडलेला. सोफ्यावर मुकुंदची आई विमलताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"हा तिसरा जीव," मुकुंद म्हणाला. "आधी कोळंबी, मग वाळूत राहणारा एक मासा, आज त्याचा जोडीदार. आणि रोज सकाळी टाकीपाशी हीच असते."

"मी मेलेला काढत होते," मोहना म्हणाली. "ताई, मोठा मासा बदललाय. हा माझा मासा नाही."

मुकुंदने संयोगिताबाईंकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं त्याला म्हणायचं होतं.

गेल्या वर्षी मोहना सहा आठवडे इस्पितळात होती. मन पार खचलं होतं. घरी आली तेव्हा भाजी भेंडीची करायची की गवारीची, एवढंही तिला ठरवता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कशात तरी मन रमवा. मुकुंद एका कारखान्यात पाणी शुद्धीकरणाचं काम बघायचा. त्याने हौसेने टाकी उभी केली आणि तिच्या मध्यभागी शोभेल असा मुख्य मासा मोहनाने निवडायचा, असं ठरलं.

तिने चार महिने घेतले. लहान टाकीत मावेल, प्रवाळ कुरतडणार नाही, कोळंबीला आणि धाकट्या माशांना छळणार नाही असा शांत मासा हवा होता. वही भरली, नावं खोडली. शेवटी एक ठरला. पुढून जांभळा, मागून पिवळा, नाव रॉयल ग्रामा. वर्षभरातला तिचा पहिला स्वतःचा निर्णय होता तो. मुकुंदने माशाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लोकांनी कौतुक केलं.

आता उद्या अकराला डॉक्टरांची वेळ घेतली होती. तिला परत दाखल करावं, असं मुकुंदचं म्हणणं होतं.

संयोगिताबाईंनी खुर्ची ओढली आणि वीस मिनिटं टाकीत बघत बसल्या. जांभळा-पिवळा मासा हवालदारासारखी गस्त घालत होता. टाकीवर जाळीचं झाकण होतं आणि ते चार काळ्या क्लिपांनी घट्ट बसवलेलं होतं.

"मोहना, बदललाय असं कधीपासून वाटतं?"

"करजणहून आल्यापासून. दहा दिवसांपूर्वी, मंगळवारी, आई आणि मी तिथे बारशाला गेलो होतो. सकाळी निघालो ते संध्याकाळी परत आलो. सोमवारी दुपारी तो होता, मी पाहिलाय. खडकाच्या पोटाखाली उलटा पोहायचा. मंगळवारपासून एकदाही तसा पोहला नाही."

"विमलताई, तुम्ही टाकीला हात लावता?"

"छे, मला भीती वाटते ने." मग त्या अडखळल्या. "सोमवारी एकादशी होती. संध्याकाळी कणकेच्या चार गोळ्या टाकल्या. सुरसागर तलावात माशांना टाकायचो ने आम्ही, तशा. मोहना नको म्हणते, पण पुण्याचंच काम ते."

"क्लिपा काढून?"

"क्लिपा कुठे होत्या तेव्हा? जाळी नुसती ठेवलेली असायची. उचलली नि टाकल्या."

"परत नीट ठेवलीत?"

"ठेवली असेन ने," विमलताई म्हणाल्या, पण त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

"क्लिपा पहिल्यापासून आहेत," मुकुंद म्हणाला. "आईच्या लक्षात राहत नाही."

संयोगिताबाईंनी मान डोलावली आणि त्याला विचारलं, की नवा मासा आणला तर तो टाकीत सोडतात कसा? मुकुंद खुलला. पिशवी तरंगत ठेवायची, टाकीचं पाणी थेंबथेंब आत सोडायचं, तासभर तरी थांबायचं. घाई केली तर मासा दगावतो. आईला यातलं ओ की ठो कळत नाही, हेही त्याने सांगितलं.

"आणि माशांची पारख?"

"ती मोहनाची. मी फक्त पाणी बघतो. जांभळा-पिवळा म्हणजे जांभळा-पिवळा, मला काय कळतंय."

संयोगिताबाईंनी मोबाईल काढला आणि ग्रुपवरचा तो जुना फोटो मोठा करून मोहनासमोर धरला.

"तू बरोबर आहेस," त्या म्हणाल्या.

मोहनाने मोबाईल हातात घेतला आणि फोटो टाकीशेजारी धरला.

"या फोटोत माशाच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका आहे. जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळतो. टाकीतल्या माशाला ठिपका नाही आणि दोन रंग पट्टीने आखल्यासारखे वेगळे आहेत. याला डॉटीबॅक म्हणतात. दिसायला जुळा भाऊ, पण भारी भांडखोर. कोळंबी यानेच मारली, मासेही यानेच. उलटा पोहायची सवय ग्रामाची, याची नाही."

"मग तो मासा गेला कुठे?" विमलताईंनी विचारलं.

"ग्रामा घाबरला की उडी मारतो. सोमवारी जाळी उघडी राहिली. म्हणूनच नंतर कुणीतरी क्लिपा लावल्या. फोटोत झाकणही दिसतंय आणि त्यावर एकही क्लिप नाही."

विमलताईंचे डोळे भरले. संयोगिताबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या हातून चूक झाली, पण बदलाबदली तुमची नव्हे. नवा मासा खाऱ्या पाण्यात जिवंत सोडणं तुम्हाला जमणार नाही. मोहनाला जमलं असतं, पण तिने चुकीचा मासा आणलाच नसता, चार महिने अभ्यास केलाय तिने. हे काम ज्याला पाणी कळतं आणि मासा कळत नाही, त्याचं आहे. मंगळवारी दिवसभर तो घरात एकटा होता."

मुकुंद टाकीच्या टेबलापाशी गेला.

"पहाटे मला तो टेबलामागे सापडला," मुकुंद म्हणाला. "वाळून गेला होता. मोहना, मला वाटलं तू परत कोसळशील. तुम्ही निघाल्यावर सुभानपुऱ्यातल्या माशांच्या दुकानात गेलो. 'सेम टु सेम छे, साहेब' म्हणाला दुकानदार. तू लगेच ओळखशील असं वाटलं नव्हतं."

"मी ओळखला. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"टाकीत कणीक दिसली, आईचं काम ते कळलं. ती खचली असती. मग एक दिवस गेला, दोन गेले. मग सांगायचीच लाज वाटायला लागली."

"डॉक्टरांना काय सांगितलंस?"

मुकुंदने मान खाली घातली. "मासा बदलल्याचा तुला भास होतो, असं."

"त्यांनी गोळी वाढवली," मोहना म्हणाली. "आठ दिवस मी ती घेतेय. रात्री वहीतलं चित्र बघायचे नि सकाळी मासा, आणि माझ्याच डोळ्यांची मला भीती वाटायची."

संयोगिताबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. डॉटीबॅकला दुसरी टाकी शोधून देते, असं म्हणून त्या बादली शोधू लागल्या. त्या माशाचा यात काहीच दोष नव्हता.

मुकुंदने फोन उचलला. "उद्याची वेळ रद्द करतो."

"करू नकोस," मोहना म्हणाली. कुणालाही न विचारता तिने ठरवलं होतं. "अकराला आपण दोघं जाऊ. उद्या तिथे तू बोलायचंस, मी ऐकणार."